जीन हसतोच आहे

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे आणि सध्या कोंबड्यांच्या खुराड्याची खिडकी झाले आहे. उन्हाने माझा रंग विटला आहे. माझ्यावरचा माणूस मात्र अजून हसतो. त्याला दुसरं काही करता येत नाही, कारण तो छापलेला आहे.

माझा जन्म कॅन्ससमधल्या एका छापखान्यात झाला. पोकळ प्लास्टिकचा पत्रा आणि खाली तारेचे दोन पाय, एवढाच माझा देह. माझ्यासारख्या शेकडो जणी एकाच दिवशी छापल्या गेल्या. राज्याच्या सिनेटसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या ऑगस्टमध्ये ठरायचं होतं. आमच्याकडे ते पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. म्हणजे भांडण परक्यांशी नसतं, घरातल्या घरात असतं, आणि भाऊबंदकी कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. एकीकडे होता जुना आमदार वेन्डल क्रॅमर, दुसरीकडे त्याला पाडायला निघालेला ग्रँट टॉली.

गावातलं हॉस्पिटल आदल्या वर्षी बंद पडलं होतं. त्याला पैसे देण्याविरुद्ध वेन्डलने मत दिलं होतं, तेवढं खरं होतं. पुढे फेब्रुवारीत जीन प्रुएटच्या छातीत कळ आली आणि दूरच्या हॉस्पिटलात पोचायच्या आतच तो गेला. टॉलीच्या प्रचाराचा माणूस डोनटचा खोका घेऊन जीनच्या बायकोकडे, लॉर्नाकडे आला.

"तुमच्या दुःखाला आम्ही आवाज देऊ," तो म्हणाला. "मजकुराचं आमच्यावर सोडा."

फ्रिजवर जीनचा एक फोटो होता, तो तिने काढून दिला. फोटोत जीनच्या हातात भला मोठा मासा होता. छापताना तो कापून टाकला. त्यामुळे जीन कशाला हसतोय हे कुणालाच कळत नसे. त्याच्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'जीन रस्त्यातच गेला. एकटा. धन्यवाद, वेन्डल!'

लॉर्नाने मला वाचलं. एका शब्दावर तिचं बोट थांबलं. मग तिने मला अंगणात रोवलं.

शेजारच्या घरात वर्लीन राहायची. ती वेन्डलची सख्खी बहीण आणि लॉर्नाची जुनी मैत्रीण. दोघींत मिळून गवत कापायचं एकच यंत्र होतं, ते वर्लीनच्या शेडमध्ये असे. त्या दिवशी ते ढकलत ती कुंपणापाशी आली आणि माझ्यासमोर थांबली.

"माझ्या भावाला हव्या तेवढ्या शिव्या दे, लॉर्ना. त्याची कातडी जाड आहे," ती म्हणाली. "पण एकटा? अगं, त्या सकाळी अँब्युलन्स मिळेना म्हणून बर्फातून गाडी कुणी चालवली? मी काय सीटचं कव्हर होते का?"

लॉर्ना तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला विचिटाला गेली होती. ती म्हणाली, "प्रचारात असंच लिहावं लागतं."

"त्यांना लागत असेल. तुला?"

लॉर्ना आत गेली. वर्लीनने यंत्र वळवून परत नेलं. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं आणि लॉर्नाच्या अंगणातलं गवत कापलं गेलं नाही. त्यात माझे तारेचे पाय बुडाले. येणारे-जाणारे गाडी हळू करून मला वाचत आणि मान हलवत. माझं कौतुकही झालं, या निवडणुकीतली सगळ्यात चांगली पाटी म्हणून. मला काहीच वाटत नव्हतं. लॉर्नालाही वाटत नसावं. खिडकीत उभी राहून ती माझ्या पाठीकडे बघायची, पण तिथेही तोच चेहरा छापलेला होता.

टॉली जिंकला.

पुढच्या शनिवारी अग्निशमन केंद्रात पक्षाच्या एकीचा नाश्ता होता. येताना पाट्या परत आणा, असा निरोप आला होता. मला काखोटीला मारून लॉर्ना गेली. आत टॉली आणि वेन्डल सारखेच एप्रन घालून एका तव्यावर पॅनकेक उलटत होते. टॉलीचा हात वेन्डलच्या खांद्यावर होता.

"या, या!" लॉर्नाच्या ताटलीत पॅनकेक टाकत टॉली म्हणाला. "एकट्याच आलात? मिस्टरांना का नाही आणलंत?"

जीनचा चेहरा तिच्या काखेतून त्याच्याकडेच बघत होता.

वेन्डलने मान खाली घातली. तव्यावरचा पॅनकेक करपला तरी त्याने तो उलटला नाही.

"ते येत नाहीत आता कुठे," लॉर्ना म्हणाली.

"असं कसं? पुढच्या वेळी ओढून आणा!" टॉली हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

बाहेर कचऱ्याच्या पेटीत माझ्या बहिणींचा ढीग होता. सगळीकडे जीनच जीन. लॉर्नाने मला त्यात टाकलं नाही. घरी आणून तिने स्वयंपाकाच्या सुरीने माझ्यातला एक शब्द कापून काढला आणि मला घेऊन शेजारी गेली. वर्लीन कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आता काय आणलंस?"

"खुराड्याची काच फुटलीय ना तुझ्या? तिथे लागेल."

वर्लीनने मला हातात घेतलं. कापलेल्या भोकातून तिला लॉर्नाचा हात दिसत होता.

"वर्लीन," लॉर्ना म्हणाली, "गाडीत तो काही बोलला का गं?"

फेब्रुवारीपासून हे कुणी विचारलं नव्हतं. टॉलीने नाही, त्याच्या माणसाने नाही, लॉर्नानेही नाही.

"हळू चालव म्हणाला. त्याला माझ्या गाडी चालवण्याची भीती वाटायची, तुला माहितीये. मी नाही चालवली हळू." वर्लीनने शर्टाच्या टोकाने नाक पुसलं. "मग म्हणाला, लॉर्नाला सांग, फ्रीझरमधला तो मोठा मासा काढून खा. नाहीतर तसाच राहील."

लॉर्ना खाली दाण्यांत बसली. कोंबड्या बाजूला सरकल्या.

मित्रांनो, त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगणार नाही. यंत्र कुंपणाच्या पलीकडे पुन्हा जाऊ लागलं, एवढं मला इथून दिसतं. माझ्यातल्या भोकातून वारा येतो, थंडीत कोंबड्या तक्रार करतात. तुम्हीही कधीतरी अंगणात पाटी रोवाल. आधी ती शेजारच्या दाराशी नेऊन मोठ्याने वाचून दाखवा. मलाही कुणी तसं वाचलं असतं, तर माझ्यात भोक पडलं नसतं.

तो मासा अजून फ्रीझरमध्येच आहे.