फियाटची मागची सीट

आमच्या जुन्या फियाटला श्वास सोडता येत नाही, हे निदान विभानं केलं. मी तुळशीला पाणी घालत होते. गाडी अंगणात, हे आणि विभा दोघंही गाडीखाली, आणि बाहेर दिसत होत्या फक्त यांच्या चपला आणि तिचे कॅनव्हासचे बूट. शेजारी शेजारी.

"चंद्रहास, हा सायलेन्सर आतून गंजून बुजलाय," ती आतून सांगत होती. "धूर बाहेर पडला नाही तर इंजिन नवी हवा घेणार कुठे? पण म्हणून भलीमोठी नळी टाकू नका हं. फार रुंद नळीत धूर रेंगाळतो, मग गाडी चढावर दम टाकते."

"मग केवढी?"

"आहे त्याहून जराशी मोठी. बस्स."

चंद्रहास! मी हे नाव लग्नाच्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर तोंडानं नाही. आणि ही गाडीखालून हाका मारते.

विभा नागपूरची. इथं लखनऊत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि सरोजिनी नगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. हे संशोधन संस्थेत झाडापानांचा अभ्यास करतात. गाडी सासऱ्यांच्या वेळची. तिचा आवाज भरदार करायचा, हा यांचा २००८ सालचा ध्यास. मला यांनी झाडांबद्दलही कधी असं सावकाश समजावून सांगितलं नव्हतं.

चारबागच्या वेल्डरकडून नवी नळी आणि सरळ पोटाचा, धूर न अडवणारा सायलेन्सर बसवून झाला. "बाबूजी, अब शेर जैसी दहाड़ेगी," तो म्हणाला म्हणे. विभानं बजावलं होतं की नळीचं टोक बंपरच्या बाहेर राहू द्या. यांनी ते आत कापून घेतलं. बाहेर आलेलं टोक दिसायला बरं दिसत नाही, आणि आवाजही मोकळा होतो, म्हणून.

चातुर्मास चालू होता. एकभुक्त राहायचं आणि रोज हातानं वळलेल्या वाती छावणीकडच्या मारुतीला वाहायच्या, हा माझा नेम. हे संध्याकाळी गाडीनं न्यायचे. आता विभाही यायला लागली.

"वहिनी, मी पुढे बसू? आवाज नीट ऐकायचाय."

"बस की," मी म्हणाले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, आणि नाही म्हणायची तर मुळीच नाही.

मागच्या सीटवर पुढचं बोलणं ऐकू येत नाही. पावसानं काचा बंद, खालून तो नवा हुंकार, आणि पुढे दोन डोकी एकमेकांकडे वळलेली. मी वाती वळायची, उरलेला कापूस मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवायची. मध्येच दोघं हसायची.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. टॉर्कचं बोलतोय."

देवळापर्यंत माझं डोकं गच्च धरलेलं असायचं. हे म्हणायचे, "कर आणखी उपास!" मला मात्र आतून वाटायचं, उपास कशाचा, हा मत्सर आहे. सहा शत्रूंतला शेवटचा, पण चढला की डोकंच पकडतो. त्यावर उपाय म्हणून मी संध्याकाळचं दूधही सोडलं. डोकं थांबेना. नामजप वाढवला. तरी थांबेना.

एके दिवशी देवळाच्या पायरीवर मला भोवळ आली आणि उलटी झाली.

"झालं!" हे चिडले. "आता हे व्रत बंद. उद्यापासून घरी पडून राहायचं. गाडीचं काय ते मी आणि विभा बघू."

म्हणजे माझा नेमही जाणार, आणि संध्याकाळच्या त्या गाडीत उरणार दोघंच. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सकाळी विभा माझा गाडीत विसरलेला कापूस घेऊन आली. "वहिनी, वातींना काळा कापूस घेता का हो?"

"काहीतरीच काय! पांढराशुभ्र होता."

तिनं तो नाकाशी धरला. मग तिनं यांना उठवून अंगणात नेलं, गाडी चालवायला बसवलं, काचा लावल्या आणि स्वतः माझ्या जागी बसली. कानपूर रोडवर लांबवर जाऊन परत आली तेव्हा कपाळ दाबत उतरली.

"मी पोटभर पोहे खाऊन गेले होते, चंद्रहास. माझंही डोकं धरलंय. आता मलाही उपास लागला का?"

यांनी वाकून नळीचं टोक पाहिलं.

"टोक आत कापलंत ना? धूर गाडीच्या मागेच घोटाळतो आणि डिकीच्या फाटक्या रबरातून आत शिरतो. कापसावर काजळी दिसली तरी. धुरातला खरा विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. काचा बंद आणि वहिनी रोज मागे. जीव गेला असता त्यांचा!"

यांचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सुहास, अगं, बोलायचंस ना."

मी रोज तर बोलत होते. माझं डोकं खरंच दुखतं, हे यांना कधी पटलं? तिचं दुखल्यावर. विभाचे पाय धरावेत इतके तिचे उपकार होते, आणि तिचं तोंड बघू नये असं वाटत होतं.

नळी बंपरबाहेर लांबवली. डिकीला नवं रबर आलं.

"आता मागे कुणीतरी उदबत्ती धरून बसायला हवं," विभा म्हणाली. "उदबत्तीचा धूर डिकीकडून पुढे ढकलला गेला, तर अजून कुठेतरी फट आहे."

यांनी सवयीनं पुडा माझ्या हातात दिला. "तू बस. उदबत्ती हे तुझं खातं."

"मी आज पुढे बसते," मी म्हणाले. नेहमीच्याच आवाजात. दोघांनाही ऐकू गेलं. "विभा चालवेल. तुम्ही बसा मागे."

"मी? अगं, गाडी माझी आहे!"

"टोकही तुम्हीच कापलंत."

विभानं हसू दाबत किल्लीसाठी हात पुढे केला.

छावणीचे रस्ते रिकामे होते. पुढे बसल्यावर कळलं, हे एवढे कशासाठी वेडे झाले होते ते. घंटा वाजून गेल्यावर देवळात जे घुमत राहतं ना, तसं काहीतरी तळव्यांतून वर येत होतं. विभानं गिअर बदलला, झोकात. तिचा हात बघून डोक्यात पुन्हा बारीकशी कळ आली. ती काही धुराची नव्हती.

"वहिनी," ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "हे घरातही असेच हट्टी का हो?"

"गाडीखाली असले की बरे असतात."

ती खळखळून हसली. मलाही आवरेना.

"काय? काय झालं?" मागून आवाज आला. "अगं, काय म्हणाली ती?"

मी वळून पाहिलं. हातात उदबत्ती धरून हे अंग चोरून बसले होते, राख पँटवर पडत होती. धूर सरळ छताकडे जात होता.

"काही नाही हो," मी म्हणाले. "टॉर्कचं बोलतोय."