साखर घासणारा हात

इराणातल्या काशानला फखरीबाईंच्या घरी सकाळपासून धांदल होती. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, नेगारचा निकाह. त्यांचा भाऊ जमशीद याची बायको तूरान मात्र एका जागी ठरत नव्हती. पिस्ते निवडायला बसे, उठे, आरशापुढे जाऊन झग्यातली कापसाची उशी सरळ करी, पुन्हा बसे. नऊ महिन्यांपूर्वी कर्करोगापायी तिचा डावा स्तन काढला होता.

नणंदेने तिला मोठा मान दिला होता. निकाहाच्या वेळी वधूवरांच्या डोक्यावर पांढरं रेशमी कापड धरतात आणि सुखी संसाराची बाई त्यावर साखरेच्या दोन ढेपा घासते. तिचं सुख नवरीच्या माथ्यावर झरावं म्हणून.

"वहिनी, तूच घासायचीस," फखरीबाईंनी स्वयंपाकघरात चारचौघींसमोर बजावलं. "जमशीदने तुला टाकलं नाही. दुसऱ्याने एव्हाना दुसरी आणली असती. तुझ्याएवढी नशीबवान कोण?"

खरंच, जमशीदने उपचारांत कसर ठेवली नव्हती. तेहरानच्या खेपा केल्या, औषधं आणली. पण जखमेला धक्का नको म्हणून त्याने पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण नेलं ते नेलंच. जखम केव्हाच भरली. एकदा तिने धीर करून म्हटलं, बघ तरी. त्याने मान फिरवून चहा झाला का विचारलं. आईकडे रडली, तर आई म्हणाली, जीव वाचला, या वयात आणखी काय हवंय? तूरान त्रेचाळीस वर्षांची होती आणि तिला पुष्कळ काही हवं होतं. टाकलं नाही एवढ्या उपकारावर बाईने जन्म काढायचा, हा कुठला न्याय?

संध्याकाळी कापड ताणलं गेलं. मौलवींनी नवरीला, कबूल आहे का, असं दोनदा विचारलं. नेगार रीतीप्रमाणे गप्प राहिली, होकार तिसऱ्या खेपेला द्यायचा. तूरानच्या हातात ढेपा आल्या. दाराशी जमशीद उभा होता.

"माझ्याच्याने हे होणार नाही," ती म्हणाली. "नऊ महिने माझा नवरा वेगळ्या खोलीत निजतो. माझ्याकडे बघायची त्याला किळस येते. हे सुख मी पोरीच्या डोक्यावर कसं पाडू?"

"वहिनी, चारचौघांत?" फखरीबाई पुटपुटल्या.

"नशीबवान चारचौघांतच म्हणालात ना?"

जमशीदची मान खाली गेली. मौलवींनी घसा साफ करून तिसऱ्यांदा विचारलं. नेगारने शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाकडे, सियामककडे, तोंड वळवलं.

"माझं मामीसारखं झालं, तर तू खोली बदलशील?"

सियामकने आधी आपल्या आईकडे पाहिलं. ते सगळ्यांना दिसलं.

तूरानने ढेपा खाली ठेवल्या आणि ती नेगारजवळ जाऊन बसली. हो म्हण गं, असं मागून कुणीतरी दोनदा कुजबुजलं. नेगार सियामककडेच बघत राहिली. उत्तर आता तिने नाही, त्याने द्यायचं होतं.