चाराची शेपटी

पातळ कागदावर पेन्सिल घासून उठवलेले दोन आकडे, चार आणि एक... चाराची शेपटी तुटलेली. ऑब्रे टँडीने कागद खिडकीशी धरला आणि पुन्हा पत्रात घडी करून ठेवला. मिसेस ऑल्सॉपचं हे पत्र वसंतात आलं होतं; आता बाहेर पानं गळत होती. नवरा गेला, गोठ्यात त्याची जुनी टेमरिज गाडी आहे, ती खरी की तुकडे जोडून केलेली, एवढंच कळवा, भंगारवाला विचारून गेलाय. साधं पत्र. पण टेमरिज-मालकांच्या क्लबच्या यादीत एकेचाळीस नंबरची टेमरिज क्लाइव्हची होती, आणि ती नोंद ऑब्रेनेच केली होती — क्लाइव्हच्या शब्दावर, बॉनेट न उघडता. मित्राची गाडी काय तपासायची... की बॉनेट कसं उघडतात हे विचारायची मला लाज वाटली होती?

कारखान्यात इंजिनावर नंबर उठवायचा चाराचा ठसा फुटका होता. खऱ्या टेमरिजच्या चाराला शेपटी नसते. हे क्लबच्या अंकात त्यानेच लिहिलं होतं. कुणी वाचलं नसावं.

दुपारी गल्लीत तो ओळखीचा घरघराट थांबला. क्लाइव्हचा कोट त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

"काय पुस्तकी किड्या, आहेस का अजून?"

"आहे, वाटतं."

"वाटतं म्हणे." क्लाइव्ह हसता हसता खोकला. "डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत ओढेन. माझ्या शवपेटीपुढे हीच गाडी हवी. चालवायची तू."

"मला धड चालवता येत नाही, क्लाइव्ह."

"म्हणूनच. सावकाश नेशील."

"बॉनेट उघडतोस?" ऑब्रेने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

क्लाइव्हने त्याच्याकडे पाहिलं. मग उघडलं. इंजिनावर तेलाच्या थराखाली ऑब्रेच्या बोटाला एक लागला, चार लागला, आणि चाराची शेपटी — अखंड, धारदार.

"चहा देणार आहेस," क्लाइव्ह दुसरीकडे बघत म्हणाला, "की गारठ्यातच मारणार?"

क्लबच्या वार्षिक जेवणाला ऑब्रे यादीतले नंबर वाचतो, मालक उठून 'हजर' म्हणतो. गाडी मोडीत निघाली असेल तर त्या नंबरानंतर सगळे क्षणभर गप्प राहतात. 'एकेचाळीस'ला क्लाइव्हचा आवाज नेहमी सगळ्यांत मोठा...

क्लाइव्ह गाडी घेऊन परतल्यावर ऑब्रेने मिसेस ऑल्सॉपला लिहिलं: तुमचीच खरी. मोडीत देऊ नका. उशिराबद्दल क्षमा असावी.

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीशी त्याचा हात थांबला. उत्तर सुचत नव्हतं म्हणून मी इतके महिने गप्प होतो, असं तो समजत आला होता. नाही — तो वाट बघत होता. भंगारवाल्याची, आणि अलीकडे, क्लाइव्हच्या खोकल्याची... गोठ्यातली गाडी नाहीतर क्लाइव्ह, कुणीतरी आधी संपावं, म्हणजे लिहायला नको. कदाचित गोठा कधीच रिकामा झाला असेल. कदाचित या कागदाने आता फक्त क्लाइव्हचा नंबर तेवढा जाईल.

बोटांवर अजून तेल होतं. पाकिटावर त्याचा डाग उमटला. पाकीट आत पडलं.

"एकेचाळीस," तो हळूच म्हणाला, आणि सवयीने थांबला.