अन्य एक इसम

बोर्डीच्या त्या चिकूच्या बागेत डिसेंबरभर जे काही तयार होत होतं, त्याला जतीन कयाक म्हणे, चिकू निवडायला येणारी सोमी डबडं म्हणे, आणि जतीनची बायको मयुरा काहीच म्हणत नसे.

खताच्या पाण्याची दोन निळी पिंपं उभी चिरून, टोकाला टोक जोडून, सांध्यात सिलिकॉन भरून ते केलेलं होतं. प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांचे पाय कापून झाल्या सीटा. पाय टेकवायला चिकूच्या खोक्याच्या फळ्या. वल्ह्याला पीव्हीसीचा पाइप. हे सगळं जतीन मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिकला होता. त्या व्हिडिओतला माणूस कोणती भाषा बोलत होता ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.

"शेठ, ह्यात तुमी बसनार का मासा बसनार?" सोमीने विचारलं.

"मी मागे. पुढची सीट अजून रिकामी आहे." जतीनने मयुराकडे पाहिलं. "काय गं, बसणार का?"

समोर सोमी होती, जतीनचा मित्र रतन होता, आणि मयुराच्या हातात त्यांच्यासाठी आणलेला चहा होता. ती म्हणाली, "मी नाही बाई त्या डबड्यात!"

सगळे हसले. झालं, संपलं. पंगतीत पहिल्या आग्रहाला जिलबी कोणी घेतं का? दुसऱ्यांदा विचारायचं असतं. पण जतीन पडला सरळ माणूस. त्याने लगेच रतनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मग तू!"

सत्तावीस वर्षं मयुरा त्या घरात होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राचा आवाज येई, आणि तिचा समुद्राशी संबंध पाहुणे आले की घोट्यापर्यंत पाय भिजवण्यापुरता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जतीन म्हणाला होता, तुला एकदा होडीतून नेतो. मग बाग, मुलं, सासूबाईंचं दुखणं. होडी राहिली. आता होडी अंगणात उभी होती आणि तिच्या जागेवर रतन बसणार होता. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती हो म्हणणार होती. स्वतःहून मागायचं मात्र तिच्या जिभेवर येईना.

बागेच्या हौदात चाचणी झाली. रतन सहा फूट उंच आणि जेवणाऱ्यांतला. तो पुढे बसला तसं डबडं नाकावर वाकलं आणि त्याचे गुडघे कानांना लागले.

"अरे, ही फळी किती जवळ ठोकलीस! पाय काय खिशात घालू?"

"अॅडजस्ट कर ना यार. आता फळी काढली तर गळती लागेल."

माप घ्यायला काय जातं ह्यांना, मयुराच्या मनात आलं. रतन उतरल्यावर वजन म्हणून चिकूची दोन खोकी ठेवली, तर डबडं कसं ऐटीत तरंगलं! मयुरा आपल्याइतक्याच वजनाच्या त्या खोक्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

जायचं होतं खाडीच्या आतल्या, तिवरांच्या राखीव जंगलात. तिथे नियम होते. आधी अर्ज. फक्त गळ, जाळं नाही. तिवरांत पाय ठेवायचा नाही, अंधाराआधी बाहेर. आणि एकट्याने जायचं नाही, किमान दोघं. अक्षर चांगलं म्हणून अर्ज मयुराने लिहिला. "मी, खाली सही करणार जतीन, व माझ्यासोबत" इथवर आली आणि पेन थांबलं. रतन हे काही फार अवघड नाव नव्हतं. तिने लिहिलं, "अन्य एक इसम". जतीनने न वाचताच सही ठोकली.

मग तारीख. दोन हजार सोळाचं कोरं कॅलेंडर ओट्याजवळ लटकत होतं, त्याच्यासमोर दोघे मित्र उभे राहिले.

"सोमवार नको, माझा सोमवार असतो," रतन म्हणाला. "गुरुवार, शनिवार तर नाहीच."

"रविवारी किनाऱ्यावर मुंबईची गर्दी. फोटो काढतील आपले."

"मंगळवारी सव्वीस जानेवारी, झेंडावंदन. मग सत्तावीस? बुधवार! एकदम माशाचा वार!"

"वहिनी, भरती कधी त्या दिवशी?" रतनने वळून विचारलं.

भरतीचा हिशेब मयुराकडे असे. चिंचणीच्या तिच्या वडिलांनी शिकवलेला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. ती कॅलेंडरजवळ गेली. चौथ. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, एकला पाणी चढताना आत शिरायचं, साडेचारला बाहेर. ह्याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता.

आणि त्याच चौकोनात, बुधवारच्या आकड्याखाली, चंद्रोदयाची वेळ बारीक अक्षरात छापलेली होती. वद्य चतुर्थी. संकष्टी.

आता रतन मासे खाण्यात गावात पहिला आणि संकष्टी पाळण्यात त्याच्याही पुढे. त्या दिवशी तो बाजारातसुद्धा मच्छीची गल्ली टाळून वळसा घालून जाई. मयुराने तोंड उघडलं. मग तिला चिकूची खोकी आठवली.

"तीन वाजता," ती म्हणाली. तिला भरतीची वेळ विचारली होती. तिने भरतीची वेळ सांगितली.

बुधवारी सकाळी तिने जतीनला पोहे दिले आणि स्वतः दाराआड साबुदाणा खाल्ला. साडेअकराला रतन टोपी, गॉगल आणि गळाला लावायच्या करंदीची पिशवी घेऊन हजर. डबडं टेम्पोत चढलं, दोऱ्या आवळल्या, आणि रतनचा फोन वाजला. त्याची बायको पुष्पा. आवाज बागेच्या गेटापर्यंत ऐकू येत होता.

"आज संकष्टी, तुमच्या उपासाची म्हणून मी भगर टाकलीय, आणि तुम्ही करंदी घेऊन कुठे निघालात?"

रतनने हातातली पिशवी साप असावा तशी खाली ठेवली. "संकष्टी! अरे देवा, मला वाटलं उद्या!"

"आपण खायचे नाहीत रे, नुसते धरायचे," जतीन काकुळतीला आला.

"गणपतीला काय सांगू? वहिनी, तुम्हाला तरी ठाऊक असायला हवं होतं!"

"मला भरतीचं विचारलंत, भावजी," मयुरा म्हणाली.

रतन गेला. जतीन टेम्पोच्या फळीवर बसला. महिनाभराचे सिलिकॉनचे डाग त्याच्या बोटांवर अजून होते. "किमान दोघं," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. मयुरा पंजाबी ड्रेस आणि मुलाचे जुने बूट घालून उभी होती. हा ड्रेस तिने रतन यायच्या आधीच घातला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"बसतेस का?" त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

"आता एवढं म्हणताय तर," मयुरा म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी वनरक्षक लाहू वही घेऊन बसला होता. त्याने अर्ज वाचला, मग दोघांकडे पाहिलं. "जतीनभाऊ तुमी. आन् ते अन्य एक इसम कुठे आहेत?"

"मीच ती."

"नाव लिवायला लागंल, बाई."

"येताना लिहिते. आधी जाऊन तर येऊ दे."

ती डबड्यात बसली, पाठ टेकली, पाय लांब केले. तळवे फळीवर टेकले, अगदी बरोबर, जसे घरी शिलाई मशीनच्या पायडलवर टेकत. तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग मान न वळवता विचारलं, "अहो, ही फळी कधी ठोकलीत?"

"पहिल्याच दिवशी. तू नाही म्हणायच्या आधी." मागून वल्ह्याचा आवाज आला. "तुझ्या मशीनवरून माप घेतलं होतं."

पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं, तिवरांची मुळं एकेक करून बुडत होती, आणि तिच्या डोळ्यांत खारा वारा जात होता असं म्हणायला हरकत नव्हती.

पावणेतीनला तिच्या गळाला ओढ बसली. ओरडाआरडा, डबडं डाव्या अंगाला, मग उजव्या, आणि वर आला चांगला हातभर जिताडा.

"सोडा त्याला," मयुरा म्हणाली.

"काय? जिताडा आहे अगं!"

"माझी संकष्टी आहे. चतुर्थीला घरात मासा आणू?"

"फ्रीजमध्ये ठेवू. उद्या खाऊ."

"उद्या गुरुवार."

"परवा!"

"परवा शिळा."

जतीनने जिताड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि गळ काढला. मासा शेपटीने दोघांच्या तोंडावर पाणी उडवून गेला. थोड्या वेळाने जतीनने विचारलं, "म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"वल्हं मारा. ओहोटी लागेल."

बाहेर आल्यावर लाहूने वही पुढे केली. मासे किती, ह्या रकान्यात त्याने शून्य लिहिलं. नावाच्या रकान्यात मयुराने, अर्ज लिहिणाऱ्या त्याच सुंदर अक्षरात, आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते रकान्यात मावेना, शेजारच्या रकान्यात गेलं, तरी तिने ते आखूड केलं नाही.