मोडक्या चकत्या

सगळा जन्म माझा खाटकाच्या ओट्यावर गेला, आणि आता मारतोय कोण? वाटाणा! हसा, खुशाल हसा.

हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मटण बंद, मीठ बंद. बायको आधीच गेलेली. घरात मी आणि लेक. तिनं त्याच दिवशी मिठाची बरणी उचलून शेजारी देऊन टाकली. ती कारखान्यात पाकिटं भरते. वाटाण्याचं खोटं मटण, पाकिटावर हे एवढं हिरवं पान. शिफ्ट सुटताना मोडक्या चकत्या कामगारांनी वाटून घ्यायच्या, ही तिथली रीत. ती रोज डबा भरून आणायला लागली.

"बाबा, खाऊन तर बघा. झाडपाल्याचंच आहे."

"खाटकाच्या पोरीनं असलं सोंग घरात आणावं?"

पण तिचं तोंड उतरलं, म्हणून खाल्लं. खोटं कशाला बोलू, आवडलं. मी मागून मागून खायला लागलो. पोर इतकी खूश, की स्वतःचा वाटाही माझ्या ताटात टाकायची.

मग दम लागायला लागला, पाय सुजले. दुकानात मटणावर अंगठा दाबायचो; खळगा भरून आला नाही तर माल शिळा. तसाच नडगीवर दाबला. खळगा तसाच राहिला.

"खाता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लेकीनं अभिमानानं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "धडधाकट माणसानं कधीमधी खाल्लं तर बिघडत नाही. पण त्यात मीठ फार असतं. यांच्या हृदयाला नाही झेपलं. आता फारसं हातात राहिलेलं नाही."

"पण ते वाटाण्याचं आहे," लेक म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. अहो बाई, मला एकट्याला सांगायचंत! पोरीसमोर कशाला?

घरी येऊन परोपरीनं समजावलं. "अगं वेडे, जन्मभर चरबी चापली मी, आणि दोष तुझ्या माथी?"

आता ती भाजी उकडते, भांडं माझ्यापुढे सरकवते आणि हात मागे घेते. काल म्हटलं, "वाढ की गं."

"तुम्हीच घ्या, बाबा. माझ्या हातचं नको."

मी घेतलं, जेवलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी गेल्यावरही ती अशीच बसणार, कुणालाच वाढणार नाही. काय करू, सांगा ना.