हिरव्या कोटातल्या तिघी

संगीतिका ब्रॉडवेची होती, पण शाळा आपली नेहमीचीच होती. त्यामुळे नायिका तीन होत्या.

ब्रॉडवेवर ही भूमिका एकच नटी करते, असं संगीताच्या बाईंनी पालकसभेत सांगून पाहिलं होतं. त्यावर एका पालकांनी कळवळून विचारलं, "मग तिच्या मैत्रिणींना काय वाटत असेल हो?" आणि सभेने माना डोलावल्या. या शाळेत धावण्याच्या शर्यतीतही पहिले नंबर पाच निघत. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या अनाथ पोरीची सर्कशीची मालकीण कशी होते, ही गोष्ट तिघींत वाटून झाली. पहिल्या अंकात गणिताच्या सरांची पुतणी, दुसऱ्यात संस्थेच्या अध्यक्षांची नात आणि तिसऱ्यात बाईंची स्वतःची लेक. प्रेक्षकांचा गोंधळ उडू नये म्हणून नायिकेला एक हिरवा कोट शिवला. पडदा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी जाहीरच करून टाकलं, "हिरवा कोट जिच्या अंगावर, ती नायिका. कृपया चेहऱ्याकडे लक्ष देऊ नये."

तिसरा अंक म्हणजे नावालाच अंक. त्यात एक गाणं, बस्स. बाईंनी तो लेकीला दिला, कारण स्वतःच्या पोरीचं घोडं पुढे दामटलं असं कोणी म्हणायला नको. तसं कोणी म्हणालंही नाही. लेकीने मात्र एका रात्री जेवताना विचारलं,

"मी तुझी मुलगी नसते, तर मला काय दिलं असतंस?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. शिक्षकी पेशात ही एक मोठीच अडचण. "तिन्ही अंक," त्या म्हणाल्या.

"बरं," लेक म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातही शाळेसारखं बोलायला लागली. "बाई, किल्ली कुठे ठेवलीत तुम्ही?" "बाई, माझं जेवण झालं." बाईंनी आधी हसण्यावारी नेलं, मग दटावून पाहिलं, मग गप्प बसल्या. हे एक गाणं नीट पार पडलं तर पोर परत घरात येईल, असं त्या धरून चालल्या होत्या. नाही पडलं तर काय, याचा विचार त्यांनी टाळला होता.

पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्या अंकात पहिल्या रांगेतला मखमली सोफा रिकामाच राहिला. अध्यक्षांचा फोन आला होता: दुसऱ्या कार्यक्रमात अडकलोय, माझ्यासाठी थांबू नका. हे अध्यक्ष मनापासून म्हणताहेत, यावर विश्वास बसायलाच मुख्याध्यापकांना बराच वेळ लागला होता. इकडे नातीने अख्खा अंक त्या सोफ्याकडे बघत केला. अंकाच्या शेवटच्या गाण्यावर टाळ्या पडल्या, दिवे मालवले, आणि नेमकं तेव्हाच मागचं दार उघडून अध्यक्ष आत आले. विजेरीच्या उजेडात, दोन सोबत्यांसह, थेट सोफ्यावर. मुख्याध्यापक त्यांच्या मागे अर्धे वाकून धावत होते.

दोन अंकांच्या मध्ये मध्यंतर नव्हतं. अंधार करायचा, वाद्यांनी सुरावटीचा एक छोटा तुकडा पुनःपुन्हा वाजवत राहायचं, तेवढ्यात विंगेत कोट एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जायचा. त्या तुकड्याला सगळे 'झुला' म्हणत. बाई रंगमंचाखाली एका बाजूला पियानोवर. त्यांच्या शेजारी बासरीवाल्या दोन मुली आणि ट्रम्पेटवर निवृत्त बँडमास्तर. तालमीत झुला दोनदा फिरला की नायिका बाहेर. आज चार वेळा फिरला. मग पाच.

"बाई," बँडमास्तर ओठ ट्रम्पेटवरून काढून म्हणाले, "पोरगी झोपली का काय?"

बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. विंगेतल्या निळ्या दिव्याखाली दोन मुली होत्या आणि मध्ये एक कोट होता. तो दोघींच्याही अंगावर अर्धा अर्धा होता.

चित्रकलेचे सर, म्हणजे आजचे रंगमंच व्यवस्थापक, ओणवे होत पियानोपाशी आले. "ती कोट सोडत नाहीये."

"का?" बाईंचे हात चालूच होते.

"म्हणते, आजोबा आत्ता आलेत, त्यांनी काहीच बघितलं नाही. शेवटचं गाणं मीच म्हणणार."

"ते माझ्या मुलीच्या पट्टीत बसवलंय. तिचा गळा नाही पोचायचा तिथे."

"शब्द पाठ आहेत म्हणते."

"आणि सूर?"

"सुराचं मी काय सांगू? मी चित्रकलेचा."

"ओढून घ्या कोट."

"ओढला की. अस्तर टरकलं. आणखी ओढायचा म्हणजे, बाई, ती अध्यक्षांची नात, आणि माझी निवृत्ती तोंडावर आलीय."

"माझी काय म्हणते?"

"काही नाही. एक बाही धरून उभी आहे. तुमच्याकडे बघतेय."

सभागृहात कोणीतरी झुल्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागलं होतं. टाळ्यांची लागण व्हायला वेळ लागत नाही. भिंतीशी उभे असलेले मुख्याध्यापक हाताने चक्र फिरवत होते. त्याचा अर्थ 'आटपा' असाही होता आणि 'माझं डोकं फिरलंय' असाही. आणि मग हिरवा कोट उजेडात आला. आत नात होती.

अध्यक्ष सोफ्यावर सरसावून बसले. "आली बघा," ते सोबत्यांना म्हणाले, आणि ते शब्द पियानोपर्यंत ऐकू आले.

बाईंनी मान हलवली की गाणं सुरू होणार होतं. त्यांनी ती हलवली नाही. आहे त्या पट्टीत सुरू केलं, तर तिसऱ्या ओळीला पोरीचा गळा भर सभागृहात फाटणार. पट्टी उतरवली, तर तिचं निभावेल, पण विंगेतली पोर सगळं ऐकत उभी राहणार. हुकूम सोडून नातीला आत पाठवली, तर तिच्या आजोबांच्या देखत. बाईंना तिचा भयंकर राग यायला हवा होता. पण ती खालचा ओठ चावत एकटक सोफ्याकडे बघत होती, आणि अख्खा अंक रिकाम्या सोफ्याला ऐकवणं म्हणजे काय, हे कुणीही समजू शकेल असं होतं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या अंकातलं शेवटचं घ्या."

"ते झालं ना?"

"परत घ्या."

"वन्समोर? मागितला कोणी?"

"मी."

नातीने आपल्या गाण्याची सुरुवात ओळखली, तशी तिची मान ताठ झाली. ती गायली, आणि मघापेक्षा कितीतरी चांगली गायली. अध्यक्ष ठेका धरून बसले. गोष्ट एक पाऊल मागे गेल्याचं त्यांना कळायचं कारण नव्हतं; बाकीच्यांना वाटलं, ब्रॉडवेला असंच असेल.

दुसऱ्या कडव्यात बाईंनी विंगेकडे पाहिलं. निळ्या दिव्याखाली कोणी नव्हतं.

लेकीला आतून ऐकू काय आलं असणार? आपलं गाणं यायच्या जागी दुसरीचं गाणं. आईने पुन्हा एकदा उचलून दुसऱ्याला दिलं. यात न समजण्यासारखं काय होतं!

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नातीने कोट काढला, विंगेकडे धरला, आणि तो घ्यायला कोणी आलंच नाही. हात लांब करून ती उभी राहिली. बाईंनी झुला सुरू केला. विंगेतून चित्रकलेच्या सरांनी दोन्ही हात हलवले: नाही. कुठेच नाही.

मुख्याध्यापक पियानोपाशी आले. "बाई, उत्तम झालं. अध्यक्ष खूश आहेत. पडदा टाकतो."

"तिसरा अंक राहिलाय."

"कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या."

"अहो, आपल्याच मुलीसाठी एवढ्या लोकांना ताटकळत ठेवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच वापरले, आणि ते अगदीच सोपे निघाले. "माझीच मुलगी आहे. आणि तिचं गाणं आहे. ती आल्याशिवाय मी थांबणार नाही. पडद्याला हात लावलात, तर पडदा पडल्यावरही वाजवेन. मास्तर?"

"फुंक आहे तोवर आहे," बँडमास्तर म्हणाले.

झुला फिरत राहिला. बासरीवाल्या मुलींची दमछाक झाली, त्या थांबल्या. मास्तरांचा ओठ सुजला, त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. एकटा पियानो उरला. टाळ्या कधीच बंद पडल्या होत्या. मग खोकले सुरू झाले, मग खुर्च्यांची कुरकुर, मग तीही थांबली आणि लोक नुसते बघत बसले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी कळा जोरात दाबल्या. ही सुरावट भिंतीपलीकडे, जिन्यात, कपडे बदलायच्या खोलीत, निदान फाटकापर्यंत तरी जावी. फाटकाच्या पलीकडे गेली असेल तर? त्यांच्या मनगटातून कळ निघाली. त्या वाजवत राहिल्या.

दार उघडलं ते मागचं. लेक प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालत आली. कोटाखालचा साधा झगा, अर्धा पुसलेला रंग, हातात बूट. रांगांमधली डोकी तिच्याबरोबर वळत गेली. ती पियानोपाशी थांबली.

"किती वेळ वाजवणार आहेस?"

"तू येईपर्यंत."

"सर ओरडतील."

"ओरडून झालं त्यांचं."

"आणि आधी तिला का दिलंस?"

"तिच्या आजोबांनी ऐकलं नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही." बाईंचा झुला चालूच होता. "तुला सांगायला वेळ नव्हता. हात गुंतले होते."

लेकीने बूट पियानोवर ठेवले आणि अनवाणीच पायऱ्या चढून वर गेली. नातीने कोट उघडून धरला.

"अस्तर फाटलंय," नात कुजबुजली.

"तूच फाडलंस."

"दोघींनी."

लेकीने बाह्यांत हात घातले, उजेडात आली, आणि प्रेक्षकांकडे पाठ फिरवल्यासारखी, थेट पियानोकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी मान हलवली.

गाणं क्षमेचं होतं. पोरीने ते भांडणासारखं म्हटलं. एकेक ओळ आईच्या अंगावर फेकत गेली, कुठे लाडीक हरकत नाही, कुठे हातवारे नाहीत, आणि मुख्याध्यापक हाताने चक्र फिरवायचं विसरले. तिसऱ्या ओळीचा वरचा सूर तिने सहज घेतला. शेवटचा घेतला तेव्हा तो सोडायची खूण बाईंनी करायची, असं तालमीत ठरलं होतं. बाईंनी खूण केली. लेकीने बघितली, आणि सूर सोडला नाही.

बाईंनी हात कळांवर तसाच दाबून धरला. सोडायचं कधी, हे आता वरून कळणार होतं.