महाराजांची तीस फेब्रुवारी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर कुणी बसलं की महाराज डोळे मिटत आणि त्याचा रक्तगट, रक्तातली साखर, वर जन्मतारीखही सांगत. माणसानं तोंड उघडायच्या आत! लोक गदगदून पाया पडत होते. दारातला शिष्य टोकन देताना प्रत्येकाचा मोबाइल नंबर लिहून घेत होता, पण तिकडे कोण बघतंय?

माझ्या दादाला त्यांनी साखर तीनशे दहा सांगितली. अगदी बरोबर. मग म्हणाले, इन्सुलिन म्हणजे विष, फेकून दे. आमच्या शहाण्यानं फेकलं. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, घशाला कोरड, पाण्यावर पाणी. वहिनी रडकुंडीला आली. मी त्याला फैलावर घेतलं, तर म्हणे, ज्यांना माझी जन्मतारीख कळते त्यांना औषध कळणार नाही?

"कुठली सांगितली?"

"एक जानेवारी."

दादाचा जन्म जुलैतला. त्याला जन्म देणारी आमची आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, महाराज म्हणतात तर जानेवारीच असेल, मला तेव्हा शुद्ध कुठे होती. मी कपाळावर हात मारला, कारण ती एक जानेवारी माझी होती.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. आमच्या कॉम्प्युटरात प्रत्येक पेशंटची एक ओळ असते. नाव, रक्तगट, साखर, जन्मतारीख, ज्याचा त्याचा वेगळा रकाना. मोबाइल नंबर टाकला की हजारो ओळींतून नेमकी तेवढीच ओळ क्षणात समोर येते. तारखेचा रकाना रिकामा सोडला तर गाडी पुढे सरकत नाही. सकाळच्या गर्दीत विचारत कोण बसतो? मी सरसकट एक जानेवारी ठोकून देते. दादालाही तीच ठोकली होती. थोडक्यात, महाराजांना दिव्यदृष्टीनं माझा आळस दिसत होता.

मग डोक्यात ट्यूब पेटली. दारातला तो शिष्य म्हणजे मी लागायच्या आधी आमच्याच लॅबमधून गेलेला कारकून, त्याचा फोटो अजून तिथल्या भिंतीवर होता. आणि मालकांनी पासवर्ड काही बदलला नव्हता.

मी माझ्या स्वतःच्या ओळीत तारीख बदलली. तो रकाना काय, टाइप कराल ते मुकाट घेतो. दादाला ओढत हॉलमध्ये नेलं, दारात माझा नंबर दिला आणि महाराजांपुढे बसले. त्यांनी डोळे मिटले, कानावरच्या जटा सारख्या केल्या. रक्तगट बरोबर आला. मग घनगंभीर आवाज लागला.

"बाई, तुझा जन्म तीस फेब्रुवारीचा."

अर्ध्या हॉलनं हात जोडले. दादा मात्र उभा राहिला.

"महाराज, फेब्रुवारीत तीस तारीख कधी येते?"

महाराज म्हणाले, देवांच्या पंचांगात येते. तोवर मी जटा बाजूला सारल्या होत्या. कानात बोटाच्या पेराएवढं यंत्र होतं, ते मी ओढून काढलं आणि त्यातून शिष्य कळवळून ओरडत होता, "तीसच लिहिलंय हो इथं!" पहिल्या रांगेनं ते ऐकलं, आणि हसू मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

दादाला तिथून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस काढला असता तर हाती लागला नसता.

म्हणून सांगते, कुणी तुमची कुंडली घडाघडा वाचली तर पाया पडण्याआधी विचारा, हे तुम्हाला कळलं कुठून? तुमची सगळी माहिती आमच्या कॉम्प्युटरकडेही आहे. पण त्यानं आजवर कुणाचं औषध बंद केलेलं नाही.